फारोख बलसारा : पांचगणीच्या वसतिगृहापासून लंडनपर्यंत

ज्या पुरुषाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों, त्याचें नांव ऐकतांच घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतील आणि तरुण मंडळी हें मासिक त्यांच्या हातांतून ओढून घेतील, हें आम्ही जाणून आहों. फ्रेडी मर्क्युरी हें तें नांव. इंग्लंडांतील 'क्वीन' नामक वाद्यवृंदाचा हा प्रमुख गायक. नातवंडें कानांत यंत्र घालून डोलत बसतात, तेव्हां पुष्कळदां हाच आवाज त्यांच्या कानांत घुमत असतो. परंतु हा गृहस्थ आपल्या सातारा जिल्ह्यांत, पांचगणीच्या एका वसतिगृहांत, बाळपणाचीं सुमारें आठ वर्षें राहिला, पियानोवर बसून स्वरलिपि शिकला व प्रथम रंगमंचावर चढला तोहि तेथेंच, ही गोष्ट त्या नातवंडांसहि बहुधा ठाऊक नसते.

प्रथम 'रॉक' म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. भरतमुनींनीं वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग केले आहेत. त्या हिशेबानें पाहूं गेल्यास रॉक संगीत म्हणजे मुख्यतः तत व अवनद्ध या दोन वर्गांवर विजेचा संस्कार होऊन झालेला प्रकार होय. टिपेची एक गिटार, खर्जाची एक गिटार, ढोल-झांजांचा एक संच, आणि या सर्वांच्या कल्लोळावर मात करील असा मनुष्याचा कंठ, इतकी त्याची सामुग्री. कल्लोळ हा शब्द आम्हीं जाणूनबुजून वापरला आहे. न रुचणारें रुचतें असें लिहिण्याचें आमचें वय राहिलेलें नाहीं. पण या एका गायकाच्या बाबतींत आमचें मत आम्हांस बदलावें लागलें. कारण त्याचा सूर पक्का आहे. खर्जांतून टिपेला जातांना तो कोठें लटपटत नाहीं, आणि शब्द गिळीत नाहीं. सूर व शब्दोच्चार हे दोन गुण ज्याच्या ठायीं आहेत, त्यानें कोणत्या प्रकारचें गाणें गावें हा प्रश्न आम्ही दुय्यम समजतों.

फारोख बोमी बलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजीं झांझिबार येथें झाला. झांझिबार हें आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील, लवंगांसाठीं प्रसिद्ध असलेलें बेट. गादी अरब सुलतानाची आणि अंमल इंग्रजांचा, अशी व्यवस्था तेथें १८९० पासून चालत आली होती. संस्थानांची आठवण असलेल्या वाचकांस ती निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. वडील बोमी बलसारा हे तेथील हायकोर्टांत रोखपाल होते. आईचें नांव जेर. १९५२ सालीं कश्मीरा ही धाकटी बहीण झाली. घराणें पारशी. मूळ गांव बलसाड, ज्यास आतां वलसाड म्हणतात, हें आडनांवच सांगतें. फारोख या फारशी शब्दाचा अर्थ शुभ, भाग्यवान असा होतो.

हें बलसाड त्या काळीं मुंबई इलाख्यांत होतें आणि पांचगणीहि त्याच इलाख्यांत. पुढें १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र व गुजराथ हीं दोन राज्यें वेगळीं झालीं, तेव्हां हा मुलगा पांचगणीसच शिकत होता. म्हणजे वाडवडिलांचें गांव एका राज्यांत, शाळा दुसऱ्या राज्यांत आणि आईबाप समुद्रापलीकडे, अशी त्याची वांटणी झाली. पुढें आयुष्यभर 'तूं मूळचा कोठला' या प्रश्नास त्यानें सरळ उत्तर देण्याचें टाळलें, याचें आम्हांस मुळींच नवल वाटत नाहीं.

सुमारें आठव्या वर्षीं त्याची नवजोत झाली. नवजोत म्हणजे पारशांची मुंज. सुदरा अंगांत घालतात व लोंकरीची कुस्ती कमरेभोंवतीं बांधतात. अवेस्ता व वेद या दोन सख्ख्या बहिणी आहेत हें संस्कृतज्ञ वाचकांस सांगावयास नको; आपला सोम तो त्यांचा हओम, आपला यज्ञ तो त्यांचा यस्न. आपल्याकडे मौंजीबंधनानंतर बटूनें गुरुगृहीं जावयाचें, अशी रीति होती. आतां ती 'भिक्षां देहि' म्हणून लाडू गोळा करण्यापुरतीच उरली आहे. बलसारा कुटुंबानें मात्र ती अक्षरशः पाळली असें म्हटलें पाहिजे. १९५५ च्या आरंभीं, वयाचीं नऊ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, हा मुलगा आगबोटीनें मुंबईस आला व तेथून पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत दाखल झाला.

पांचगणी हें गांव जॉन चेसन या इंग्रजानें १८६० नंतरच्या दशकांत वसविलें. उंची सुमारें सव्वाचार हजार फूट, हवा कोरडी व थंड, सिल्व्हर ओकचीं उंच झाडें, आणि माथ्यावर जांभ्या दगडाचें तें विस्तीर्ण सपाट पठार, ज्यास सर्व लोक टेबललँड म्हणतात. अशा हवेंत गोऱ्या लोकांनीं आपल्या मुलांसाठीं वसतिगृहाच्या शाळा काढल्या. पाठोपाठ पारशी व इतर सधन लोकांचीं मुलें तेथें येऊं लागलीं. घाटाच्या पायथ्याशीं कृष्णाकांठीं वाई, जेथें प्राज्ञपाठशाळेंत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे पंडित शास्त्रचर्चेंत रमलेले. घाट चढूं लागतांच पसरणी, जेथें १९२३ सालीं शाहीर साबळे जन्मले. आणि घाट संपतांच इंग्रजी प्रार्थनामंदिर, क्रिकेटचें मैदान व पियानो. तीन कोसांत तीन जगें, आणि एका जगाचा आवाज दुसऱ्यास ऐकूं जात नव्हता. वाईच्या ब्रह्मवृंदांपैकीं कोणी त्या काळीं पांचगणीस गेला असेल तर तो दवाखान्यासाठीं किंवा कोर्टकज्जासाठीं. वरच्या शाळेंतला एक दांताळ पारशी पोरगा पुढें जगभर गाजेल हें त्यास कोण सांगणार?

'दांताळ' हा शब्द आमचा नव्हे, त्याच्या सोबत्यांचा. वरच्या जबड्यांत चार दांत अधिक असल्यामुळें पुढचे दांत बाहेर आले होते आणि मुलें त्यावरून त्यास चिडवीत. तें त्याच्या मनास इतकें लागलें कीं, पुढें पैसा व कीर्ति दोन्ही मिळाल्यावरहि हंसतांना ओठांनीं किंवा हातानें दांत झांकण्याची त्याची संवय गेली नाहीं. दांत मात्र त्यानें काढून घेतले नाहींत; काढले तर आवाज बदलेल अशी भीति त्यास होती.

वसतिगृहांतील लहान मुलाचें दुःख ज्यानें पाहिलें आहे त्यासच तें कळतें. झांझिबारचा प्रवास लांबचा व खर्चाचा. त्यामुळें दर सुटींत घरीं जाणें शक्य नसे. मुंबईस आजी व मावशी-आत्यांचें घर होतें, तेथें तो कांहीं सुट्या काढी. धाकटी बहीण अडीच-तीन वर्षांची असतांना हा घरांतून गेला. मुलगा हुशार व्हावा, चार भाषांत वागावा, म्हणून आईबापांनीं काळजावर दगड ठेवून हें केलें. त्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं 'मुलास पांचगणीस घालावें काय' असा विचार चालला असेल, त्यांनीं फीच्या आंकड्याबरोबर हाहि आंकडा वहींत मांडून ठेवावा. एकत्र कुटुंबांतल्या मुलास आई रागावली तर आजीचा पदर असतो. वसतिगृहांत रात्रीं दिवा मालवला म्हणजे उशीखेरीज कांहीं नसतें.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं ही लेखणी हातीं घेतली, तिच्याकडे वळूं.

या मुलाच्या कानांत कांहीं विशेष आहे हें शाळेच्या मुख्याध्यापकांच्या ध्यानांत आलें. रेडिओवर एखादी चाल ऐकली कीं तो पियानोपाशीं जाऊन ती जशीच्या तशी वाजवी. मुख्याध्यापकांनीं झांझिबारला मुलाच्या आईबापांस पत्र लिहिलें कीं, थोडी अधिक फी भरण्याची तयारी असेल तर मुलास रीतसर संगीत शिकवितां येईल. आईबापांनीं होकार दिला. इतकेंच. नंतर पियानोच्या परीक्षा सुरू झाल्या, आणि प्रात्यक्षिक व शास्त्र या दोन्हींत तो चौथ्या श्रेणीपर्यंत पोहोंचला.

आमचें सारें आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतींत गेलें आहे. मुख्याध्यापक पालकांस कोणत्या कारणांसाठीं पत्रें लिहितो, हें आम्हांस पुरतें ठाऊक आहे. फी थकली, गणितांत नापास, भिंतीवर चढला, कांच फोडली. तुमच्या मुलांत अमुक एक गुण आहे, त्याची जोपासना करूं काय, असें विचारणारें पत्र शंभरांत एखादें निघेल. त्यांतहि तो गुण परीक्षेच्या पत्रकांत न बसणारा असेल तर शाळा तिकडे काणाडोळा करते आणि घर तर डोळेच वटारतें. पांचगणीच्या त्या मुख्याध्यापकांनीं पत्रांतून प्रतिभेची ग्वाही दिली नव्हती, भविष्यहि वर्तविलें नव्हतें. मुलाचा कान चांगला आहे व शिकविणारा मनुष्य शाळेंत आहे, एवढ्या दोन गोष्टींची गांठ त्यांनीं घालून दिली. आणि दूर बेटावर बसलेल्या एका रोखपालानें, ज्याचा सारा दिवस पैन्‌पै मोजण्यांत जाई, तो जादा खर्च मान्य केला. या दोन माणसांपैकीं एकानेंहि आळस किंवा काटकसर केली असती तर पुढील कथा घडली असती काय, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

आपल्याकडे असें पत्र आलें असतें तर? गदग येथील एका शिक्षकाचा मुलगा १९३३ सालीं, अकराव्या वर्षीं, गाणें शिकावयाचें म्हणून घरांतून पळून गेला आणि गुरूच्या शोधांत गांवोगांव हिंडला. तेच पुढें पंडित भीमसेन जोशी झाले. आज त्यांचें नांव घेतांना आपली मान ताठ होते. पण त्या वेळीं तो पळाला, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. पळून जाण्याचें धाडस नसलेलीं मुलें किती असतील व तीं कोणकोणत्या कचेऱ्यांत टांचणें लिहीत बसलीं असतील, त्याची नोंद कोणीच ठेवलेली नाहीं.

शाळेंत फारोख केवळ पियानोवाला म्हणून ओळखला जात नव्हता. टेबल-टेनिसमध्यें तो तरबेज होता. मुष्टियुद्धहि खेळे, पण त्याच्या आईस तें कळतांच तिनें लिहून तें बंद करविलें. १९५८ सालीं लहान मुलांच्या गटांत अष्टपैलू विद्यार्थी म्हणून त्यास चषक मिळाला. चित्रें उत्तम काढी. शाळेच्या प्रार्थनावृंदांत गाई. अग्निपूजकांचा मुलगा ख्रिस्ती स्तोत्रें गातो यांत त्याच्या घरच्यांस कांहीं वावगें वाटलेलें दिसत नाहीं. 'फ्रेडी' हें नांवहि त्यास याच शाळेंत सोबत्यांनीं दिलें आणि मग घरचींहि माणसें त्यास त्याच नांवानें हांक मारूं लागलीं. त्या दिवसांत घरोघर ऐकूं येणारीं लता मंगेशकरांचीं गाणींहि त्याच्या कानांवर पडलीं व त्याच्या मनावर ठसलीं, असें त्याचे चरित्रकार सांगतात.

१९५८ सालींच पांच मुलांनीं मिळून 'द हेक्टिक्स' नांवाचा ताफा काढला. 'हेक्टिक' म्हणजे धांदलीचा, दगदगीचा. नांव समर्पक होतें. खर्जाचें वाद्य म्हणून चहाच्या खोक्यास काठी व दोरी लावून एक यंत्र तयार केलें होतें. या पांचांपैकीं डेरिक ब्रांच पुढें इंग्लंडांत नट झाला, आणि व्हिक्टरी राणा नेपाळच्या लष्करांत सेनापतीच्या दर्जास चढला. क्लिफ रिचर्ड, एल्व्हिस प्रेस्ले, लिटल रिचर्ड यांचीं गाणीं ही मुलें वाजवीत आणि शेजारच्या कन्याशाळेंतील मुली त्यांस दाद देत. या ताफ्यांत मुख्य गाणारा दुसराच एक मुलगा होता. आमचा नायक पियानो वाजवी व मागून सूर देई. एरवीं लाजाळू असा हा मुलगा वाद्यापुढें बसला म्हणजे निराळाच होई, असें त्याचे सोबती सांगत.

अभ्यासांत मात्र तो हळूहळू मागें पडत गेला. चषक मिळविणाऱ्या मुलाचें प्रगतिपुस्तक शेवटच्या वर्षांत तसें राहिलें नाहीं. १९६३ सालीं तो झांझिबारला आईबापांकडे परतला. घरचें सुख त्यास फार दिवस लाभावयाचें नव्हतें. १० डिसेंबर १९६३ रोजीं बेट स्वतंत्र झालें व १२ जानेवारी १९६४ रोजीं, म्हणजे जेमतेम महिन्याभरानें, तेथें क्रांति होऊन सुलतानास पळून जावें लागलें. रस्त्यांत रक्त सांडलें. हजारों अरब मारले गेले आणि हिंदी लोकांसहि आपल्या जीविताची शाश्वति राहिली नाहीं. बलसारा कुटुंबानें हातीं लागेल तें घेऊन बेट सोडलें व १९६४ च्या पूर्वार्धांत तें इंग्लंडांत येऊन पोहोंचलें.

लंडनच्या पश्चिमेस फेल्टम म्हणून उपनगर आहे. डोक्यावरून हीथ्रोच्या विमानांची सारखी ये-जा. तेथें एका लहानशा घरांत हें कुटुंब राहिलें. झांझिबारांत घरीं नोकरचाकर होते. येथें थंडीवाऱ्यांत आईबापांस नव्यानें नोकऱ्या शोधाव्या लागल्या. मुलगा सतरा-अठरा वर्षांचा. सुटींत तो विमानतळावर खाद्यपदार्थांच्या खात्यांत काम करी, गोदामांत खोकीं उचली. सोबतचे मजूर म्हणत कीं, असे नाजूक हात कसे? मग त्याच्या वांट्याचीं खोकींहि तेच उचलीत, असें म्हणतात. मुलानें स्थिर, मानाचा धंदा धरावा अशी आईबापांची इच्छा होती, आणि ज्यांची मालमत्ता एका रात्रींत मागें राहिली त्यांनीं अशी इच्छा धरूं नये तर कोणीं धरावी? पण त्यानें चित्रकलेची वाट धरली. प्रथम आयल्वर्थ येथील पॉलिटेक्निकांत तयारी करून १९६६ सालीं त्यानें ईलिंगच्या कलाविद्यालयांत प्रवेश मिळविला आणि १९६९ सालीं आलेखन व रचना या विषयांची पदविका घेतली.

ईलिंग येथें त्याचा सहाध्यायी टिम स्टॅफेल हा 'स्माइल' नांवाच्या ताफ्यांत गात असे. त्याच्या ओळखीनें फ्रेडी त्या ताफ्यांतील इतर दोघांच्या परिचयाचा झाला. हे दोघे व मागाहून येऊन मिळालेला तिसरा, हे कोण होते हें सांगितल्यावांचून आमच्यानें पुढें जाववत नाहीं. ब्रायन मे हा इंपीरियल कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकत होता. त्यानें वडिलांच्या मदतीनें जुन्या चुलाण्यावरच्या फळीच्या लांकडापासून आपली गिटार स्वतः घडविली आणि ती तो पन्नासांवर वर्षें वाजवीत आला. खगोलशास्त्रांतील अर्धवट राहिलेला प्रबंध पुरा करून २००७ सालीं, साठीच्या घरांत, त्यानें पीएच. डी. मिळविली. रॉजर टेलर दंतवैद्यक शिकावयास लंडनला आला व पुढें जीवशास्त्राचा पदवीधर झाला. जॉन डीकन विजेच्या यंत्रविद्येचा पहिल्या वर्गाचा पदवीधर. 'गाण्याबजावण्याच्या नादीं लागलेलीं पोरें' हा वाक्प्रचार ज्यांच्या तोंडीं असतो त्यांनीं ही यादी एकदां वाचावी. चौघांत विज्ञानाची पदवी नसलेला एकटा आमचा फारोख.

परंतु १९६९ सालीं त्यांस कोणी ओळखत नव्हतें. फ्रेडी व रॉजर टेलर यांनीं केन्सिंग्टन मार्केटांत एक गाळा घेऊन जुनेपाने कपडे विकण्याचा धंदा आरंभिला. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स याचा फ्रेडी इतका भक्त होता कीं, त्यानें त्याचीं कितीएक चित्रें काढलीं होतीं. १८ सप्टेंबर १९७० रोजीं हेंड्रिक्स मरण पावला तेव्हां या दोघांनीं त्याच्या स्मरणार्थ गाळा बंद ठेवला. दरम्यान फ्रेडी 'आयबेक्स' या ताफ्यांत, नंतर 'सोअर मिल्क सी' या ताफ्यांत गाऊन पाहत होता. अशाच एका खेळांत ध्वनिक्षेपकाच्या जड दांड्याचा खालचा भाग निखळला आणि अर्धी काठी हातांत राहिली. ती घेऊनच त्यानें गाणें पुरें केलें, अशी आख्यायिका आहे. पुढें ती अर्धी काठी त्याची खूणच होऊन बसली.

१९७० च्या एप्रिलांत स्टॅफेल बाहेर पडला आणि त्याच्या जागीं फ्रेडी आला. ताफ्याचें नांव 'क्वीन' ठेवावें हा आग्रह त्याचाच. बोधचिन्हहि त्यानेंच काढलें. त्यांत चौघांच्या जन्मराशी गुंफल्या आहेत : टेलर व डीकन यांचे दोन सिंह, मे याचा खेंकडा, आणि स्वतःच्या कन्याराशीच्या दोन पऱ्या, वर पंख पसरलेला फीनिक्स पक्षी. याच सुमारास त्यानें बलसारा हें आडनांव टाकून मर्क्युरी हें घेतलें. मर्क्युरी म्हणजे बुध. आमच्या ज्योतिषांत बुध हा कन्याराशीचा स्वामी व वाणीचा कारक मानला आहे. पाश्चात्त्य ज्योतिषांतहि कन्येचा स्वामी तोच. त्यानें हा विचार करून नांव घेतलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्या पहिल्या संग्रहांतील एका गीतांत तो शब्द आला होता व तेथूनच तो उचलला, असें त्याचा सहकारी ब्रायन मे सांगतो. तरी योग जमला खरा.

नांव बदलल्यावरून त्याच्यावर पुष्कळ टीका झाली आहे. आपलें पारशीपण, आपला हिंदुस्थान त्यानें लपविला, असें कोणी म्हणतात. मुलाखतींत तो या विषयाकडे फिरकत नसे हें खरें. परंतु १९६०-७० च्या इंग्लंडांत गव्हाळ वर्णाच्या पोरास रस्त्यांतून काय काय ऐकून घ्यावें लागे, याचा विचार टीकाकारांनीं केलेला दिसत नाहीं. शिवाय रंगभूमीवरचें नांव निराळें असणें हें आपल्यास अपरिचित आहे काय? नारायण श्रीपाद राजहंस या नांवानें कोणी नाटकाचें तिकीट काढलें नाहीं. लोकमान्यांच्या तोंडून निघालेलें 'बालगंधर्व' हेंच नांव महाराष्ट्रानें डोक्यावर घेतलें. शिवपुत्र कोमकळी यांस आपण कुमार गंधर्व म्हणतों. त्यांनीं घराणें लपविलें असें आपण म्हणत नाहीं. आणि उलट दुसरेंहि सांगितलें पाहिजे : तो मोठा झाल्यावर 'तो आमचा' म्हणून जे पुढें सरसावले, त्यांनीं त्याच्यासाठीं काय केलें होतें? त्या एका मुख्याध्यापकांखेरीज आपल्या प्रांतांतील दुसऱ्या कोणास हा हक्क सांगतां येईल असें आम्हांस दिसत नाहीं.

यश कांहीं एका रात्रींत आलें नाहीं. १९७१ सालीं डीकन येऊन चौकडी पुरी झाली. 'ट्रायडेंट' या कंपनीशीं करार झाला, पण त्या कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत मोठे गवई नसतील तेव्हांच, म्हणजे बहुधा रात्रीं-अपरात्रीं, यांस जागा मिळे. पहिला संग्रह जुलै १९७३ मध्यें निघाला. त्याकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं. १९७४ च्या आरंभीं 'सेव्हन सीज ऑफ राय' हें गीत दूरचित्रवाणीवर गाण्याची संधि अकस्मात् मिळाली व तें दहाव्या क्रमांकावर गेलें. त्याच वर्षीं अमेरिकेच्या दौऱ्यांत ब्रायन मे यास कावीळ होऊन दौरा अर्धवट टाकावा लागला. वर्षअखेर 'किलर क्वीन' हें गीत इंग्लंडांत दुसऱ्या क्रमांकावर चढलें. वर्तमानपत्रांत छायाचित्रें, सभागृहें तुडुंब, आणि चौघांच्या हातांत मात्र आठवड्याचा तुटपुंजा पगार, अशी स्थिति होती. कराराचा कागद वाचतां न येणें किंवा वाचावयाचा कंटाळा करणें हें कलावंतांचें जुनें दुखणें आहे. आपल्या नाटकमंडळ्यांचा इतिहास त्यानें भरलेला आहे. १९७५ च्या उन्हाळ्यांत वाटाघाटी होऊन ते त्या करारांतून सुटले, पण खिशांत कांहीं उरलें नव्हतें. पुढचा संग्रह फसला असता तर ताफा मोडला असता.

अशा वेळीं मनुष्य सावधपणें वागतो, लोकांस आवडेल तेंच देतो. यानें काय केलें तें पहा. 'बोहेमियन रॅप्सडी' नांवाचें एक गीत त्यानें रचलें, ज्यास ध्रुपदच नाहीं. आरंभीं वाद्यांवांचून चार-सहा स्वरांचा मेळ, मग पियानोवर एका अपराधी मुलाचा आईपाशीं विलाप, मग इटालियन संगीतिकेच्या थाटाचा वाद-प्रतिवाद, ज्यांत गॅलिलिओ, फिगारो आणि चक्क 'बिस्मिल्ला'हि येतो, मग गिटारींचा गडगडाट, आणि शेवटीं पुन्हां शांत पियानो. आपल्या संगीत नाटकांत जसें एका अंकांत करुण, वीर व हास्य एकामागून एक येऊन जातात, तसा हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें सारें नाटक सहा मिनिटांस पांच सेकंद कमी एवढ्या अवधींत आटोपतें.

यंत्राचा भाग समजून घेण्यासारखा आहे. त्या काळीं आवाज चुंबकीय फितीवर घेत व त्या फितीवर चोवीस पट्टे असत. प्रत्येक पट्ट्यावर निराळा आवाज घेतां येई. चोवीस भरले कीं ते एकत्र करून एक-दोन पट्ट्यांवर उतरवावयाचे व मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हां गावयाचें. गाणारे तिघेच : मर्क्युरी, मे आणि टेलर. दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास हे तिघे तीच ती ओळ गात राहिले व थर इतके चढले कीं, ऐकणारास शेंकडों माणसें गात आहेत असें वाटतें. केवळ मधल्या संगीतिकेच्या भागास सुमारें तीन आठवडे लागले. फीत यंत्रांतून इतक्या वेळां फिरली कीं, तिच्यावरचा लेप झिजून ती पारदर्शक होऊं लागली होती, असें ते सांगतात. आणि हा सारा मेळ कागदावर येण्यापूर्वीं एका माणसाच्या डोक्यांत तयार होता. कोणता स्वर कोणीं व कोठें द्यावयाचा, हें तो पियानोपाशीं बसून सांगे. तीन सुरांची संगति म्हणजे काय, एका सुरावर दुसरा कसा बसतो, हें पहिल्यानें ज्या शाळेंत त्याच्या बोटांस कळलें, ती शाळा पांचगणीची.

इतकें लांब गीत नभोवाणीवर कोणी लावणार नाहीं, तें कांपून लहान करा, असा सल्ला जाणकारांनीं दिला. चौघांनीं तो मानला नाहीं. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील केनी एव्हरेट याच्या हातीं त्याची एक प्रत पडली आणि त्यानें दोन दिवसांत तें चौदा वेळां वाजविलें. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजीं तें रीतसर प्रसिद्ध झालें व नोव्हेंबरअखेर पहिल्या क्रमांकावर जाऊन तेथें सलग नऊ आठवडे राहिलें. त्या वेळीं फारोख एकोणतीस वर्षांचा होता.

पुढील सोळा वर्षांची हकीकत जगजाहीर आहे. १३ जुलै १९८५ रोजीं वेंब्लेच्या मैदानावर सुमारें बहात्तर हजार श्रोत्यांस त्यानें वीस-एकवीस मिनिटें आपल्या बोटावर नाचविलें. तें दृश्य आजहि चित्रफितीवर पाहतां येतें आणि आमच्या मतें तें घरांतील सर्वांनीं एकदां पाहावें. त्याच्या खासगी आयुष्याची चर्चा या पानांत करण्याचें प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं. ज्या रोगानें तो गेला, त्या एड्सचें नांव घ्यावयास त्या काळीं माणसें कचरत. २३ नोव्हेंबर १९९१ रोजीं त्यानें स्वतः तें जाहीर केलें, व दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं, पंचेचाळिसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला. अंत्यविधि पारशी पुरोहितांनीं अवेस्तांतील प्रार्थना म्हणून केला. मग लंडनच्या केन्सल ग्रीन येथें दहन झालें. वडील २००३ मध्यें व आई २०१६ मध्यें वारली.

त्याच २०१६ सालच्या सप्टेंबरांत फेल्टमच्या त्या जुन्या लहानशा घरावर 'इंग्लिश हेरिटेज' या संस्थेनें निळी स्मरणफलिका बसविली. अनावरणास बहीण कश्मीरा व ब्रायन मे उपस्थित होते. फलिकेवर मोठ्या अक्षरांत फ्रेडी मर्क्युरी असें आहे, आणि त्याखालीं कंसांत फ्रेड बलसारा.